आवाज नसलेला जिलेट

नाटकाविषयी बोलायला कुठेही गेले की एक प्रश्न हमखास येतो, आणि तुम्हीही तोच विचारलात: मूकपटात आवाजच नसतो, मग रंगभूमीवरच्या नटाचे मोठेपण त्यातून कसे कळणार? तुम्ही विचारलेत म्हणून विल्यम जिलेटविषयी सांगते, कारण माझा स्वतःचा हा प्रश्न त्याच्यामुळेच सुटला.

१८५३ मध्ये कनेटिकटमधल्या हार्टफर्डला जन्मलेला जिलेट नट होता तसाच नाटककारही होता. १८९९ मध्ये त्याने शेरलॉक होम्सला रंगमंचावर आणले आणि पुढे तीस-बत्तीस वर्षे, अधूनमधून, त्या भूमिकेचे तेराशेच्या आसपास प्रयोग केले. (१९०५ च्या लंडनमधल्या प्रयोगांत बिली या पोऱ्याचे काम सोळा वर्षांचा चार्ली चॅप्लिन करत असे.) पल्लेदार, आवेशपूर्ण संवादफेकीवर टाळ्या पडण्याच्या त्या काळात जिलेट शांतपणे बोलत असे आणि मध्येच थांबत असे.

त्याच्या नाटकातला गॅसच्या कोठडीचा प्रसंग पाहा. गुंडांनी घेरलेला होम्स दिवा फोडतो. मिट्ट काळोखात त्याच्या सिगारचे लालभडक टोक तेवढे दिसत राहते आणि गुंड त्या रोखाने झेपावतात. प्रत्यक्षात सिगार खिडकीच्या फटीत खोचलेली असते आणि होम्स केव्हाच दाराशी पोहोचलेला असतो. संवाद लिहिणारा तोच आणि म्हणणारा तोच असूनही, ऐन मोक्याचा क्षण त्याने एका ठिणगीवर सोपवला, हे मला फार मोलाचे वाटते.

१९१३ मध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने आपली भूमिका मांडली. पुढचे वाक्य नटाला पाठ असले तरी पात्राला ते ठाऊक नसते, त्यामुळे शंभराव्या प्रयोगातही ते आत्ताच सुचल्यासारखे वाटले पाहिजे. आता हे सुचणे घडते ते शब्द उच्चारण्यापूर्वी, चेहऱ्यावर. आणि कॅमेऱ्याला ते नेमके टिपता येते.

१९१६ मध्ये एसॅने कंपनीने याच नाटकाचा मूकपट केला, तेव्हा जिलेट बासष्ट वर्षांचा होता. पुढे कित्येक दशके तो चित्रपट कायमचा हरवला असेच मानले जात होते. २०१४ मध्ये पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेजच्या संग्रहात त्याची प्रत सापडली. ती पाहताना मी हरखून गेले. जिलेट क्षणभर थांबतो, नजर समोरच्या माणसावर रोखतो, आणि संवादाची पाटी पडद्यावर येण्याआधीच त्याला काय म्हणायचे आहे ते मला उमगलेले असते.