पानाची खालची बाजू

वांग्याच्या झाडाचा एक शेंडा दुपारी मान टाकलेला दिसला, तेव्हा पाणी कमी पडले असावे असे समजून मी कुंडी भरून पाणी घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी माती ओली होती, बाकीचे झाड टवटवीत होते आणि तो एकच शेंडा मात्र तसाच लोंबत होता. कोमेजलेल्या भागाच्या चार बोटे खालून मी तो कापला आणि उभा चिरून पाहिला, तर आतल्या पोकळीत फिकट गुलाबी रंगाची एक अळी स्वतःच्याच विष्ठेच्या भुश्श्यात बसलेली होती. ही शेंडा व फळ पोखरणारी अळी. तिच्याविषयी मी पूर्वी वाचलेले होते, तरीही एक दिवस पाणी घालण्यात गेला, याची रुखरुख मला अजून वाटते.

या अळीवर काय फवारावे, असे मला अनेकांनी विचारले आहे. खोडात किंवा फळात शिरलेल्या अळीपर्यंत पानांवर मारलेले औषध पोहोचत नाही, त्यामुळे तिच्यासाठी कात्री हाच खरा उपाय आहे. मलूल शेंडे आणि छिद्र पडलेली फळे दिसताक्षणी तोडावीत आणि ती कंपोस्टच्या ढिगात न टाकता घट्ट बांधलेल्या पिशवीत भरून उन्हात ठेवावीत. नाहीतर अळी तिथेच कोषात जाते आणि पतंग होऊन पुन्हा त्याच झाडावर अंडी घालायला येते.

घरच्या भाजीपाल्यावरील अळ्यांचा बंदोबस्त औषधापेक्षा नजरेवर अधिक अवलंबून असतो, असे माझे ठाम मत झाले आहे. रोज सकाळी दहा मिनिटे पाने उलटून पाहण्याची सवय लावून घेतली, तर बरेचसे काम तिथेच होते. तंबाखूवरील पाने खाणारी अळी म्हणून ओळखली जाणारी कीड टोमॅटोपासून कोबीपर्यंत कशावरही येते. तिची मादी शेकडो अंडी एका जागी घालते आणि त्यांवर आपल्या अंगावरील तपकिरी केसांचे आवरण पसरते, त्यामुळे तो पुंज पानाच्या मागे चिकटलेल्या मळकट कापसासारखा दिसतो. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पहिले काही दिवस एकाच पानावर दाटीवाटीने राहतात आणि पानाचा हिरवा भाग खरवडून खातात, तेव्हा ते पान उजेडात धरले तर पातळ कागदासारखे पारदर्शक दिसते. त्या दिवसांत ते एक पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवले, की सगळी वीण एकदम संपते. हीच संधी हुकली, तर अळ्या झाडभर पांगतात, दिवसा मातीत किंवा पालापाचोळ्याखाली दडतात आणि रात्री खातात. मग बॅटरी घेऊन एकेक वेचत बसावे लागते.

टोमॅटोवरील घाटेअळीची गोष्ट निराळी आहे, कारण तिची मादी अंडी एकेकटी घालते आणि ती खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतात. शेंड्याकडील कोवळी पाने आणि फुलांचे घोस भिंगाने पाहिले तरच ती सापडतात. पुढे ही अळी डोके फळात खुपसून आणि अर्धे अंग बाहेर ठेवून खाते, आणि एका फळावर न थांबता दुसऱ्याकडे वळते. मोठी अळी शोधताना मी पानावर पडलेल्या लेंड्या पाहते. त्या ओलसर आणि हिरवट असतील, तर अळी बरोबर त्यांच्या वरच्या फांदीवर असते. वाळून काळ्या पडल्या असतील, तर ती तिथून हलली आहे असे समजावे.

कोबी आणि फ्लॉवरवर मात्र मी रोप लावल्याच दिवशी बारीक जाळी घालते आणि तिच्या कडा मातीत दाबते. जाळी झाडाला टेकू देऊ नये, कारण फुलपाखरे तिच्यातूनही पानावर अंडी घालू शकतात.

एवढे करूनही अळ्या वाढल्या, तर बीटीची, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून केलेल्या औषधाची, फवारणी करावी. हा जिवाणू 1901 मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना रोगट रेशीमकिड्यांत आढळला आणि पुढे बर्लिनर यांनी जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव दिले. त्याचे प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळून विषारी होते आणि आतड्याचे अस्तर फोडते. अळी काही तासांत खाणे थांबवते, पण मरायला दोन-तीन दिवस लागतात. हे ठाऊक नसल्यामुळे अनेकजण दुसऱ्याच दिवशी फवारणी फसली असे मानतात. औषध अळीच्या पोटात जाणे आवश्यक असल्याने ते पानांच्या खालच्या बाजूलाही लागले पाहिजे, आणि उन्हाने त्याचा प्रभाव लवकर ओसरत असल्याने फवारणी संध्याकाळीच करावी. अळ्या लहान असतानाच त्याचा खरा उपयोग होतो. मुळा-मोहरीवरील काळ्या माशीची अळी दिसायला अशीच असली, तरी ती पतंगाची नव्हे, आणि हे औषध तिला लागू पडत नाही. पोटाखालच्या मांसल पायांच्या पाचपेक्षा जास्त जोड्या दिसल्या, तर ती माशीची अळी समजावी. तिथे पाच टक्के निंबोळी अर्क वापरता येतो: 50 ग्रॅम निंबोळीची भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडे साबणाचे पाणी घालून फवारावी.

जहाल कीटकनाशके मी घरच्या भाजीवर वापरत नाही. एकदा कोबीच्या पानावर एक सुस्त अळी आणि तिच्या शेजारी पिवळसर रेशमी कोषांचा छोटा ढीग दिसला. मी ती चिरडायला बोट पुढे केले होते. ते कोष तिच्या अंगात वाढून बाहेर पडलेल्या चिमुकल्या परोपजीवी गांधीलमाश्यांचे होते, आणि त्यांतून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्यांचा शोध घेणार होत्या. ते पान मी तसेच ठेवले.

वांग्याच्या कापलेल्या शेंड्याखालून आता दोन फुटवे आले आहेत. आज सकाळी त्यांतल्या एका पानाच्या मागे, शिरेला लागून, मलईच्या रंगाचे एकच अंडे भिंगातून दिसले, आणि ते मी नखाने काढून टाकले.