दुपारी पडणारी फायबर लाईन: मे ते जुलैची नोंदवही

जोडणी अशी: यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, स्थानिक केबलवाल्याचं फायबर, ४० एमबीपीएसचा प्लॅन. खांबापासून घरापर्यंत साठेक मीटर काळी ड्रॉप केबल. ती टिनाच्या छपराच्या कडेवर बाइंडिंग तारेनं आवळून खिडकीतून आत घेतलेली. ओएनटी (फायबरमधल्या प्रकाशाचं नेट करणारं यंत्र) आणि वायफाय एकाच डब्यात, डबा खिडकीजवळ, आणि त्याचा अडॅप्टर कूलरच्याच एक्स्टेंशन बोर्डात. तक्रार नेहमीचीच, "नेट येतं-जातं". या तीन शब्दांत तीन वेगवेगळे रोग दडलेले असतात, म्हणून आधी कशालाच हात लावला नाही.

मे, पहिला आठवडा: फक्त मोजणी

स्पीडटेस्ट करत बसू नका. ती त्या मिनिटाचा वेग सांगते, लाईन कधी आणि कुठे तुटली ते सांगत नाही. त्याऐवजी एक जुना अँड्रॉइड फोन घेतला, त्यात टर्मक्स (फोनवर कमांड चालवणारं ॲप) टाकलं आणि दर ५ सेकंदांनी तीन पत्त्यांना पिंग (उत्तर येतं का आणि किती वेळात, ते बघणारी हाक) लावून निकाल वेळेसकट फाइलमध्ये उतरवायला ठेवला. पहिला पत्ता राउटरचा (१९२.१६८.१.१), दुसरा केबलवाल्याकडचा पहिला टप्पा (ट्रेसराउट, म्हणजे वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड, चालवली की राउटरनंतर दिसतो तो), तिसरा बाहेरचा, गूगलचा ८.८.८.८. दिवसाला प्रत्येकी १७,२८० नोंदी होतात, फाइल फार मोठी होत नाही. फोनच का? लाईट गेली तरी तो लिहीत राहतो. मात्र बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद आणि टर्मक्सचा वेकलॉक चालू हवा, नाहीतर अँड्रॉइड रात्रीतून सगळं झोपवून टाकतं. फोन राउटरपासून दोन मीटरच्या आत, ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, म्हणजे वायफायचा दोष लाईनच्या माथी लागत नाही.

सोबत वहीत चार रकाने: वेळ, लाल एलओएस दिवा (प्रकाश येत नसल्याची खूण) लागला का, ओएनटीच्या सेटिंगच्या पानावरचा आरएक्स पॉवर (येणाऱ्या प्रकाशाची ताकद), आणि अपटाइम (डबा बंद न पडता किती वेळ चालू आहे). यातला अपटाइमच सगळ्यात बोलका. डब्याचा अपटाइम शून्यावर आला तर दोष विजेचा. अपटाइम चालू आहे पण एलओएस लागला, तर दोष प्रकाशाचा. दोन्ही ठीक आहेत आणि फक्त पीपीपीओई सत्र (केबलवाल्याकडचं लॉगिन) तुटलं, तर खोट बहुधा पलीकडच्या बाजूला.

सात दिवसांत ४१ खंड पडले. त्यातले २६ अपटाइम शून्यावर आणणारे, ९ एलओएसचे, आणि ६ संध्याकाळी ८ ते १० मधले, ज्यात लाईन तुटली नाही, नुसती रांगत होती. म्हणजे ज्याला सगळे "फायबरचा प्रॉब्लेम" म्हणत होते, त्यातला निम्म्याहून जास्त भाग फायबरचा नव्हताच.

मे, दुसरा आठवडा: वीज

अडॅप्टरवर लिहिलेलं असतं: इनपुट १०० ते २४० व्होल्ट. मग दुपारी होल्टेज १६० वर आलं तर डबा बंद पडायचं कारण काय? कारण आतला कपॅसिटर. लाईट क्षणभर डिम झाली तर तेवढा वेळ तोच डबा जगवतो. त्यात साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० ला जेवढी साठते त्याच्या निम्म्याहून थोडी कमी १६० ला साठते. त्यात हा कपॅसिटर गरमीनं वाळतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाखाली तीन उन्हाळे काढलेला अडॅप्टर मल्टिमीटरवर रिकामा मोजला तर १२.१ व्होल्ट दाखवतो आणि माणूस म्हणतो, चांगला आहे. भार लावून मोजा. इथे डबा जोडून मोजल्यावर १०.९ आले, आणि कूलर सुरू केला की क्षणभर त्याच्याही खाली.

कूलरचं गणित ध्यानात घ्या. फॅन आणि पंप मिळून चालू असताना १५० ते २०० वॉट, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढतात. त्याच बोर्डाची ढिली पिन, त्याच बोर्डावर ओएनटी. त्यात त्याच डीपीवरचे मोटरपंप सुरू झाले की गावभर लाईट डिम. अर्ध्या सेकंदाचा हा झटका आणि ओएनटी पुन्हा उठून, नोंदणी करून, सत्र जोडायला घेतो अडीच-तीन मिनिटं. घरच्यांना ही तीन मिनिटंच दिसतात.

केलेलं काम: ओएनटी वेगळ्या भिंतीवरच्या सॉकेटवर नेला. नवा १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर घेतला (५.५ × २.१ मिमीची पिन, मधलं टोक धन, दुसऱ्या मापाची पिन ढिली बसते आणि तोच त्रास परत). मध्ये मिनी यूपीएस लावला. १ अँपिअरचा जुना अडॅप्टर यूपीएसला पुरत नाही, कारण त्याला डबा चालवून बॅटरीही भरायची असते.

मिनी यूपीएस घेताना एक गोष्ट तपासाच. काही स्वस्त डब्यांत बाहेर येणारं व्होल्टेज थेट बॅटरीचं असतं, म्हणजे भरलेली असताना १२.६ आणि उतरताना ९.५ च्या आसपास. लाईट बंद करून, भार लावून तासाभरानं मोजा. १२ च्या जवळ टिकलं तरच ठेवा. २००० एमएएचच्या तीन सेलमध्ये ३ × ३.७ × २ म्हणजे २२ वॉट-तास. घट वजा जाता १८ धरा. ७ वॉटचा ओएनटी अडीच तास चालतो. जाहिरातीतले आठ तास विसरा. आणि हा डबा छपराजवळ टांगू नका. लिथियम सेल ४५ अंशांवर चार्ज करणं त्यांच्या मुळावर येतं, आणि नवतप्यात टिनाखालची हवा तेवढी सहज तापते. जमिनीपासून दोन फुटांवर, सावलीच्या भिंतीला, कूलरच्या ओल्या झोतापासून दूर.

घरी मोठा इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का बघा. नॉर्मल मोडमध्ये तो कमी होल्टेज तसंच पुढे सोडतो आणि बदलायलाही जास्त वेळ घेतो. पण जिथे दिवसभर १७० व्होल्टच येतं, तिथे यूपीएस मोड दिवसभर बॅटरीच खातो. त्यामुळे ओएनटीपुरता मिनी यूपीएसच बरा.

पुढच्या आठ दिवसांत अपटाइम एकदाही शून्यावर आला नाही.

मे अखेर: प्रकाश

राहिले एलओएसचे खंड. सगळे दुपारी १ ते ४ मधले. सकाळी ६ ला आरएक्स −२३.९ डीबीएम, दुपारी ३ ला −२७.८ (उणे आकडा जितका मोठा, प्रकाश तितका कमी). जीपॉनच्या (घरोघरी फायबर नेण्याच्या पद्धतीच्या) बी-प्लस वर्गात घराकडच्या ओएनटीची मर्यादा −२७. म्हणजे लाईन सकाळी काठावर उभी असते आणि दुपारी पडते.

असायला किती हवं होतं? केबलवाल्याकडून माहिती घेतली: त्याच्याकडून +४ डीबीएम निघतात, वाटेत १:४ आणि १:८ असे दोन स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश अनेकांत वाटणारे), अंतर पाच किलोमीटर. आता वजाबाकी, डीबीमध्ये: १:४ चे ७.२, १:८ चे १०.५, पाच किलोमीटर फायबरचे सव्वा, चार कनेक्टरचे दीड, स्प्लाइसचे (फायबरच्या जोडांचे) अर्धा. एकूण २१ च्या आसपास, म्हणजे घरी −१७ यायला हवेत. येतायत −२४. सात डीबी कुठेतरी सांडतायत. हे गणित हातात असलं की केबलवाल्याशी बोलणं बदलतं. तो "−२४ चालतं" म्हणतो, आणि हिवाळ्यात खरोखर चालतंही.

एक फुकटची खूण: त्याच फायबरवर केबल टीव्ही येत असेल तर तो १५५० नॅनोमीटरवर असतो, आणि वाकण्याचा मार त्या तरंगलांबीला जास्त बसतो. नेट चालू असताना टीव्हीचं चित्र फुटायला लागलं तर कुठेतरी केबल मुरडली आहे असं समजा.

शोधायला पेनासारखा लाल लेझर, ६५० नॅनोमीटरचा, १० मिलिवॉटचा. ओएनटीत खोचलेली फायबरची पिन काढून तिच्यात घरातून खांबाकडे सोडला. पिन डोळ्यासमोर धरू नका. आतून येणारा १४९० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, पण असतो. लेझर सोडण्याआधी केबलवाल्याला कळवलं. काळ्या जाड कव्हरमधून लाल प्रकाश दिवसा अजिबात दिसत नाही, म्हणून रात्री लाईट बंद करून बघितलं. दोन जागा उजळल्या: खिडकीच्या कोपऱ्यात काटकोनात मुडपलेली केबल आणि फास्ट कनेक्टरची (हातानं बसवायच्या टोकाची) मान. तिसरी जागा उजळली नाही, ती बोटानं सापडली: टिनाच्या कडेला आवळलेली बाइंडिंग तार. उन्हात केबलचं कव्हर मऊ पडतं, तार आत रुतते आणि काच दाबली जाते. रात्री थंडावल्यावर दाब सैल होतो. सकाळ-दुपारच्या चार डीबीचा उलगडा इथे झाला.

ड्रॉप केबल पूर्ण नवी घेतली. जुनीला गाठी मारण्यात अर्थ नव्हता. घ्यायची ती जी.६५७ए२ फायबरची, जिला ७.५ मिमी त्रिज्येपर्यंत वाकणं सोसतं (ए१ ला १० मिमी, साध्या जी.६५२डीला ३० मिमी धरून चाला), आणि बाजूला आधाराची तार असलेली. ताण त्या तारेवर, दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या ड्रॉप क्लॅम्पनं. फायबरच्या भागावर नाही. रस्ता ओलांडताना उंची कुटार भरलेल्या ट्रॉलीच्या वर दोन हात. सोयाबीनच्या हंगामात निम्म्या तुटलेल्या केबली ट्रॉलीनं ओढलेल्या असतात, उरलेल्या वांदरांनी झोके घेतलेल्या. खांबावरचं काम केबलवाल्याचंच. विजेच्या खांबावर स्वतः चढायचं नाही.

आधाराची तार पोलादी असेल तर ती भिंतीबाहेरच फूटभर आधी कापून हुकाला बांधायची, घरात आणायची नाही. जूनमधल्या विजा या तारेवाटे घरात येऊ नयेत म्हणून ही काळजी. काच विद्युत वाहून नेत नाही, तार नेते. आत शिरण्यापूर्वी केबल भोकाच्या खाली वितभर लोंबवून मग वर घ्या, म्हणजे पाणी टोकावरून गळून जातं. दोन मीटर जादा केबल, २० सेंटिमीटर व्यासाच्या वेटोळ्यात, बाहेरच्या डबीत.

टोकाला फास्ट कनेक्टर न लावता पिगटेल (तयार टोक असलेला फायबरचा तुकडा) फ्यूज करून, म्हणजे वितळवून जोडून घेतली. फास्ट कनेक्टरमधला जेल आपल्या उन्हाळ्यात वाळतो. पिगटेल हिरव्या टोकाचीच. हिरव्याचं तोंड ८ अंशांनी तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ; हिरव्यात निळं घातलं तर मधे फट राहते आणि दोन्ही तोंडं खरवडतात. टोक पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल आणि लिंट नसलेला टिश्यू. शर्टाचं टोक, सॅनिटायझर, फुंकर, तिन्ही बाद.

नवा आरएक्स: सकाळी −१८.१, दुपारी ३ ला −१८.३.

जून: किरकोळ

काही साईटी उघडत, काही अर्ध्यावर थांबत. पीपीपीओईत पाकिटाचं कमाल माप (एमटीयू) १५०० नाही, १४९२ असतं. विंडोजच्या पिंगमध्ये तुकडे करायला मनाई करून १४६४ बाइट पाठवले (वरचे २८ धरून १४९२), ते गेले, १४६५ अडले. राउटरमध्ये एमटीयू १५०० लिहिलेला होता, १४९२ केला. वायफायवर २.४ साठी चॅनल १, २० मेगाहर्ट्झ. संपलं.

जुलै: संध्याकाळ

आता उरले रात्री ८ ते १० चे खंड. आधी स्वतःचा दोष तपासला: फोटोंचा बॅकअप चालू असताना पहिल्या टप्प्याचा पिंग ९ वरून २१० मिलिसेकंद. ही घरातलीच कोंडी. ओएनटी ब्रिज मोडवर (नुसता प्रकाशाचं नेट पुढे देणारा) टाकून मागे ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या प्रणालीचा राउटर लावला, त्यात एसक्यूएम (पाकिटांची रांग आवरणारी सोय), त्यातली केक ही पद्धत, ३५ एमबीपीएसवर बांधलं. चाळीसातले पाच सोडावे लागतात. कोंडी आपल्या हातातल्या डब्यात व्हावी म्हणून. बॅकअप चालू असतानाही पिंग १६.

तरी ८ ते १० मध्ये, घरातली सगळी यंत्रं बंद असतानाही, पहिला टप्पा ठीक आणि त्यापुढचा १८० वर जातो. हे घरून सुटणारं नाही. १४ दिवसांची फाइल, रोजचा आरएक्स आणि दोन टप्प्यांचे आकडे छापून केबलवाल्याकडे दिले आहेत. पुढचा माल (त्याची वरची बँडविड्थ) कमी पडतोय हे त्यानं मान्य केलं, तारीख दिली नाही.

पावसात एकदा आरएक्स −२१ वर गेला. खांबावरच्या स्प्लिटर डबीचं झाकण उघडं आणि आत मुंग्यांचं घर. डबी साफ, तोंडाला रबर ग्रोमेट, आकडा परत −१८.

बाकी: गोठ्यातल्या कॅमेऱ्याला गेलेली ४० मीटर लॅन केबल. ती उघड्यावरून जाते आणि विजेचा झटका थेट राउटरपर्यंत आणू शकते. तिच्या जागी उरलेली ड्रॉप केबल आणि मीडिया कन्व्हर्टरची, म्हणजे लॅनचा सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणाऱ्या डब्यांची जोडी (एका टोकाला १३१०, दुसऱ्याला १५५० नॅनोमीटरचा) बसवायची आहे. कन्व्हर्टर आले आहेत, गोठ्यातल्या सॉकेटचं अर्थिंग अजून व्हायचं आहे.