मोगऱ्याचा ताण

१२ मे

आज मोगऱ्याच्या ८१ कळ्या निघाल्या. संध्याकाळी साडेपाचला, ऊन कंपाउंडच्या भिंतीआड गेल्यावर, मोजून परडीत टाकल्या. पांढऱ्या होऊन टच्च फुगलेल्या तेवढ्याच तोडायच्या, हिरवट राहिलेल्या उद्यावर सोडायच्या. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या कडेला ठेवल्या की रात्री नवाच्या सुमाराला फडकं आपोआप सैल पडतं. आत उमलतात ना! आत्ता लिहिता लिहिता तो वास येतोय आणि दिवसभराची तलखी उतरतेय.

लातूरचा उन्हाळा भाजून काढतोय. पारा ४२ च्या पुढं. दुपारी बारा ते चार गल्लीत चिटपाखरू दिसत नाही, कुरडयासुद्धा एका दिवसात कडकडीत वाळताहेत. अशा दिवसांत फुलणाऱ्या झाडांचं मला फार अप्रूप आहे. आमच्या एवढ्याशा अंगणात पाचजणं आहेत: मोगरा, सदाफुली, बोगनवेल, चिनी गुलाब आणि मे फ्लावर. मे फ्लावरचा कांदा वर्षभर कुंडीत गप्प असतो. मे लागला की जाड दांडा वर काढतो आणि त्यावर लालभडक चेंडू. चिनी गुलाबाला आमच्याकडं 'ऑफिस टाइम' म्हणतात. नऊ-दहाला उघडतो, दिवस कलला की मिटतो. बोगनवेलीचं जे गुलाबी दिसतं ती रंगीत पानं असतात. खरं फूल त्यांच्या पोटात, काडीएवढ्या पांढऱ्या नळीसारखं. तिला पाणी जास्त झालं की नुसता पाला वाढतो, पाणी तोडलं की अंगभर रंग. आणि सदाफुलीबद्दल काय सांगावं! भिंतीच्या फटीत उगवते, कोणी पाणी घालत नाही, आणि तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध निघतं. तिच्याशेजारून जाताना माझा पाय आपोआप जपून पडतो.

माझ्याकडं एक जाड रजिस्टर आहे. एका बाजूनं बागेची टिपणं: छाटणी कधी केली, खत कधी घातलं, पहिली कळी कधी दिसली. उलटं केलं की दुसऱ्या बाजूनं कात्रणं, आपल्या मातीतल्या माणसांची. मधली कोरी पानं दर वर्षी कमी होताहेत. आज मोगऱ्याचा आकडा लिहून झाल्यावर सहज उलट बाजू चाळली आणि तासभर तिथंच अडकले.

सचिन धसचं कात्रण ६ फेब्रुवारी २०२४ च्या सामन्याचं. १९ वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य फेरी, बेनोनीत. दक्षिण आफ्रिकेच्या २४४ धावांचा पाठलाग आणि आपले ३२ वर ४ बाद. तिथून बीडच्या या पोरानं ९६ केल्या, उदय सहारनबरोबर १७१ ची भागीदारी. आई पोलीस खात्यात, वडील आरोग्य खात्यात, आणि नाव ठेवलेलं तेंडुलकरवरून. ते चार रन राहिले त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच्या आधीच्या पानावर सारिका काळे, धाराशिवची. खो-खोतली भारताची कर्णधार, २०२० ला अर्जुन पुरस्कार. खो-खोच्या खेळाडूला तो मिळाला त्या दिवशी मी शेजारणींना बोलावून शिरा केला होता. आम्ही सगळ्याच शाळेत असताना परकरपोलक्यावर खो-खो खेळलेल्या. आमच्या त्या खेळाला कुणी असा मान देईल असं वाटलं नव्हतं.

नटांची कात्रणं थोडीच आहेत. रितेश देशमुखचं बाभळगाव इथून जवळच, त्याचं कौतुक लातुरात घराघरात आहे. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ ला 'नाम' ही संस्था सुरू केली, शेतकऱ्यांच्या मागं राहिलेल्या बायकांच्या दारात गेले, ते चिकटवलंय. आणि सयाजी शिंदे. साताऱ्याकडचा माणूस, पण बीडजवळ पालवणला उघड्या माळावर देवराई उभी केली, फेब्रुवारी २०२० ला तिथं वृक्ष संमेलन भरवलं. एका लग्नाला बीडला गेलो तेव्हा यांना म्हटलं, गाडी तिकडून घ्या. वडाची, पिंपळाची रोपं छातीएवढी झाली होती. मी एका रोपाच्या आळ्यात आमच्या बाटलीतलं उरलेलं पाणी ओतून आले.

सगळ्यात जास्त पानं मात्र अविनाश साबळेनं घेतलीत.

१३ मे

काल झोप आली म्हणून अर्धवट राहिलं. आज सकाळची कामं उरकून बसलेय.

अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, मांडव्याचा. तो पळतो ती ३००० मीटर स्टीपलचेस. तिच्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. मी पहिल्यांदा टीव्हीवर बघितली तेव्हा पाण्याचं ते भरलेलं डबकं बघून पोटात काहीतरी हललं. ज्या तालुक्यात जानेवारी संपली की टँकरची वाट बघतात, तिथला मुलगा पाण्यात उड्या मारायच्या शर्यतीत जगाच्या बरोबरीला गेला.

६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा. या शर्यतीत १९९४ नंतर केनियाबाहेरच्या कुणालाही पदक मिळालं नव्हतं. अविनाश शेवटच्या शंभर मीटरला अब्राहम किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून आला. किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. पाच शतांश सेकंद! गॅसवरचं दूध उतू गेलं आणि मी तिथून हलले नाही. पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई सुवर्ण, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१, त्याच वर्षी ऑलिंपिकची अंतिम फेरी. २०२५ च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्याच उडीवर पडला आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ते कात्रण मी चिकटवलंय, पण त्यावरचा फोटो दुमडून ठेवलाय.

एक गोष्ट मात्र मला खुपते, ती आज लिहूनच टाकते. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण लिहितात की दुष्काळानं त्याला घडवलं. गरिबीनं जिद्द दिली. शाळेला पायी जावं लागलं म्हणून तो धावपटू झाला. वाचायला बरं वाटतं. पण मी मोसंबीवाल्याची मुलगी आहे, मला हे पटत नाही.

माझं माहेर जालना जिल्ह्यातलं. दादांची साडेतीनशे झाडांची मोसंबीची बाग होती. बहार धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं. दादा रोज सकाळी बागेत फिरून पानं बघायचे. पानं पिवळी पडली, चतकोर पानगळ झाली, की त्या दिवशी ताण सोडायचा. एक दिवस पुढं नाही. आधी आंबवणी, हलकं पाणी. चार दिवसांनी चिंबवणी. मग खत, मग भरपूर पाणी, आणि मग पांढऱ्या फुलांनी बाग अशी लखलखायची की रात्री दिवा लागू नये. दादा म्हणायचे, "ताण देणं सोपंय बाई. कोणीबी देतंय. सोडायचा कवा, ते कळाय पाहिजे."

२०१२ च्या दुष्काळात विहीर आटली. त्या वर्षी ताण आम्ही दिला नव्हता, तो आला होता, आणि सोडायला हातात पाणीच नव्हतं. दादांनी टँकर विकत घेऊन शंभर झाडं जगवायचा प्रयत्न केला. पुढं तेही झेपलं नाही. सगळी बाग सरपणाला तुटली. त्या साडेतीनशे झाडांपैकी एकाही झाडाला जास्तीचं फूल आलं नाही.

लातुरात २०१६ ला तेच बघितलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली, १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. लोक गाडीला हात लावून बघत होते. आमच्या अंगणातला हा मोगरा माहेरून आणलेला. त्याला मी भांडी विसळलेलं पाणी तांब्यातांब्यानं घातलं, तेही अंधार पडल्यावर. दिवसा झाडाला पाणी घालताना शेजारणीच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. मोगरा जगला, पण त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही वर्षी त्याला कळी धरली नाही.

म्हणून अविनाशचं नाव घेताना मला दुष्काळाचे आभार मानवत नाहीत. मांडव्यात, आष्टीत, पाटोद्यात त्याच्यासारखी पायी शाळेला जाणारी किती लेकरं असतील. दुष्काळ सगळ्यांच्याच वाट्याला आला. त्याला बारावीनंतर सैन्यानं घेतलं, पोटभर जेवण दिलं, पायात बूट दिले. सियाचीनला राहून आल्यावर पळायचं मैदान आणि शिकवणारा माणूस दिला. वेळेवर पाणी मिळालं. मूळ जिवंत होतं, त्यानं ते ओढून घेतलं. त्याची मेहनत यात कणभरही कमी होत नाही. उलट मला तर त्याचा जास्त अभिमान वाटतो, कारण आठ-दहा वर्षं त्यानं एकही बहार वाया घालवला नाही. २०१८ ला ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि मग स्वतःचाच मोडत गेला.

हे सगळं डोक्यात येण्याचं कारण वरच्या खोलीत राहतं.

१६ मे

वरची मुलगी आष्टीकडचीच. दोन वर्षं आमच्याकडं खोली घेऊन राहिली, डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेच्या शिकवणीसाठी. लातूरला अशी हजारो लेकरं येतात. आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या वरच्या मजल्यावर एक पाण्याची टाकी आणि चार-पाच लेकरं. पहाटे पाचला दिवे लागतात, रात्री बाराला मालवतात. डबा आला की जिन्यात उभ्यानं खातात आणि परत वर. इथं 'ताण' हा शब्द आम्ही दोन अर्थांनी वापरतो, दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात.

ती आली तेव्हा तिच्या सामानात धावायचे बूट होते. शाळेत १५०० मीटरला जिल्ह्यापर्यंत गेलेली. बूट पहिल्याच आठवड्यात खाटेखाली गेले. कधी विचारलं तर म्हणायची, "परीक्षा होऊ द्या काकू." गेल्या हिवाळ्यात तिचं जेवण तुटलं. केस गळायला लागले. ती झाडायची तेव्हा सुपलीत केसांचा पुंजका दिसायचा. मला दादांची चतकोर पानगळ आठवली. त्या रात्री तिला खाली बोलावलं, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी समोर ठेवली आणि म्हटलं, उद्यापासून रोज संध्याकाळी पाऊण तास पुस्तक बंद, माझ्याबरोबर झाडांना पाणी घालायचं. तिच्या आईला फोन करून सांगितलं. आई आधी घाबरली, मग रडली, मग म्हणाली, "तुम्ही हायेत म्हणून धकतंय, ताई."

तेव्हापासून मोगऱ्याची छाटणी तिनंच केली. जानेवारीच्या शेवटी पाणी तोडलं, पानं खुडली, आठ दिवसांनी शेणखत आणि पाणी. दोन दिवसांनी ती डोळे फोडून फांद्यांकडं बघत बसायची. पहिली पालवी दिसली तेव्हा मला स्वयंपाकघरातून ओढत नेलं.

परीक्षा झाली. निकाल लागायचाय. काल संध्याकाळी मी अंगणात धुणं पिळत होते, दगडाच्या पुढं पाणी साचलं होतं. ती बूट घालून खाली आली. दोन वर्षांनी! फाटकापासून धावत आली, धुण्याच्या दगडावर एक पाय रोवला आणि पलीकडं झेप घेतली. पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"काकू, पाण्याची उडी अशीच असते," धापा टाकत म्हणाली. "अडथळ्याजवळ पाणी खोल असतं, पुढं पुढं उथळ. जेवढं लांब पडाल तेवढं पाणी कमी लागतं. अविनाशदादा बघा, एकच पाय भिजवतो."

तिचे दोन्ही भिजले होते. तिनं परत उडी मारली. मग परत. मी पिळलेली साडी खांद्यावर घेऊन तशीच उभी. सातव्या खेपेला घसरली, कोपर खरचटलं. हळद लावताना मी विचारलं, डॉक्टर व्हायचंय ना? म्हणाली, "व्हायचंय. पण पळायचंपण आहे. दोन्ही नाही का चालणार?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी हळद लावत राहिले.

१९ मे

आज सकाळच्या एसटीनं ती गावी गेली. निकालापर्यंत तिकडंच. मोगऱ्याची एक फांदी पावसाळ्यात जमिनीत दाबून ठेवली होती, तिला मुळं फुटलीत. ते दाबकलम पिशवीत भरून तिच्या हातात दिलं. खिडकीतून तिनं विचारलं, "किती दिवसांनी पाणी घालू, काकू?"

म्हटलं, दिवस मोजू नको. मातीत पेरभर बोट घालून बघ. कोरडं लागलं तर घाल.

बूट तिनं पायातच घातले होते.

घरी येऊन रजिस्टर उघडलं. बागेच्या बाजूला लिहिलं: दुसरा बहर संपला, एकूण ६१२ कळ्या. शेंडे खुडले. दोन मुठी शेणखत. पाणी अर्धी बादली, संध्याकाळी.