बाबांची व्हीलचेअर, हॉटेलचं बाथरूम आणि माझा टेप

बाबांना दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक आला, डावी बाजू गेली. उजव्या हाताला धरायला काही मिळालं तर उभे राहतात, दोन पावलं टाकतात, बाकी सगळं व्हीलचेअरवर. तेव्हापासून कोथरूडच्या घराबाहेर मुक्काम असा नाहीच. या दिवाळीला दादा-वहिनी आणि भाची येणार होते म्हणून म्हटलं जाऊ कुठेतरी दोन रात्री. सात माणसं, तीन रूम, त्यात काय एवढं असं वाटलेलं, तीन आठवडे गेले माझे.

बाबांना समुद्र बघायचा होता म्हणून आधी दिवेआगरला एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी फोन लावला. तिथले काका इतके सरळ, म्हणाले, "ताई, खोटं नाही सांगत, जोतंच उंच आहे, चार पायऱ्या, आणि बाथरूमला उंबरा. पण आमची दोन पोरं आहेत, खुर्चीसकट उचलून आत ठेवतील." फोन स्पीकरवर होता. बाबा तिकडून म्हणाले, "मी काय गॅस सिलेंडर आहे?" कोकण कॅन्सल.

मग पाचगणी-महाबळेश्वर, जवळ पडतं, पाचगणी तर पुण्याहून शंभरेक किलोमीटर. बुकिंगच्या साइटवर व्हीलचेअरचा फिल्टर लावला, बऱ्याच हॉटेलांची यादी आली, खूश झाले आणि एकेकाला फोन करायला घेतले. तेव्हा कळलं की त्या फिल्टरचा अर्थ बहुतेक ठिकाणी लिफ्ट आहे एवढाच, आणि लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या. एकाला विचारलं व्हीलचेअरवाली रूम आहे का, तर "आहे ना मॅडम, व्हीलचेअर आहे, सिक्युरिटीकडे ठेवलेली असते". एकावर चिडून मी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं नाव काढलं तर म्हणे मॅनेजरशी बोला, आणि मॅनेजर जेवायला गेलेले. स्टार मानांकन घेणाऱ्या हॉटेलला दिव्यांग पाहुण्यांसाठी निदान एक रूम ठेवावी लागते, दार एक मीटर रुंद असावं लागतं, हे मला या सगळ्या फोनाफोनीत कळलं. त्यानंतर "सोय आहे का" विचारणं मी बंदच केलं. सोय आहे का विचारलं की हो म्हणतात. किती इंच ते विचारायचं.

घरी शिवणकामाचा टेप घेऊन बाबांची खुर्ची मोजली. चाकाला हाताने ढकलायची रिंग असते त्या रिंगसकट रुंदी साडेपंचवीस इंच, सीट जमिनीपासून वीस. मग हॉटेलवाल्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज फिरवला, बाथरूमच्या दाराला टेप लावून फोटो पाठवा, पल्ला पूर्ण उघडून मोकळी जागा किती ते. हे महत्त्वाचं आहे कारण अडीच फुटी दार म्हणतात ते चौकटीसकट असतं, चौकट गेली, पल्ल्याची जाडी गेली, हातात उरतात पंचवीस-सव्वीस इंच. सव्वीसातून साडेपंचवीस जाते असं वाटतं, पण रिंगवर हात असतो ना, बोटांची सालटी निघतात. सरकारच्या 2021 च्या गाइडलाइनमध्ये 900 मिलिमीटर मोकळं दार आहे, म्हणजे साधारण पस्तीस इंच. मला आलेल्या फोटोंमध्ये पस्तीसच्या जवळ जाणारी फक्त दोन.

त्यातल्या एकाची रूम खरंच छान होती, उंबरा नाही, बसून अंघोळीची सोय, कमोडशेजारी स्टीलची दांडी. बुक करणारच होते, तेवढ्यात आई फोटो बघून म्हणाली, "अगं, ही डावीकडे आहे." बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला दांडी, आणि बाबांचा डावा हात तर मांडीवर पडलेला असतो. इतके फोटो बघून माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आईच रोज उठवते त्यांना, तिला एका नजरेत कळलं.

दुसऱ्या हॉटेलची दांडी उजवीकडे होती. तरी रविवारी नवऱ्याला घेऊन जाऊन बघून आले, वेडेपणा वाटेल, पण बरं झालं. रॅम्प म्हणून जो सांगितला होता तो मागे किचनपाशी, सिलेंडर चढवायचा (बाबांना हे सांगितलं नाही). एक इंच उंचीला एक फूट लांबी हा साधा हिशोब, इथं दीड फूट उंची आणि रॅम्प जेमतेम आठ फूट. दोन माणसं लागणार, उतरताना खुर्ची उलटी घ्यायची म्हणजे बाबा पुढे पडणार नाहीत. चालेल म्हटलं. पलंग मात्र सत्तावीस इंच, खुर्चीपेक्षा सात इंच वर, तर त्यांनी वरची एक जाड गादी काढून द्यायचं कबूल केलं. बाकीच्या दोन रूम पहिल्या मजल्यावर मिळाल्या, शेजारी नाहीतच, इलाज नव्हता.

एक लक्षात ठेवा, साइटवर अशी रूम मागितली की ती नुसती "रिक्वेस्ट" असते, म्हणजे मिळाली तर मिळाली. मी रूम नंबर टाकून ईमेलवर कन्फर्म करून घेतलं आणि प्रिंट पर्समध्ये. उपयोग झाला. चेक-इनला रिसेप्शनवरचा मुलगा वरच्या मजल्याची चावी देत होता, प्रिंट दाखवली तर चुळबुळ सुरू. शेवटी कळलं की त्या रूममध्ये एक्स्ट्रा गाद्यांची चळत लावून ठेवलेली, ती रूम कोणी मागतच नाही म्हणे. पाऊण तास लॉबीत चहा पीत बसलो.

रात्री बाबा एकटे उठले, बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. आई बाहेरून दारावर थापा मारतेय, "अहो, कडी नका लावू", आतून उत्तर नाही, फक्त नळाचा आवाज.

तिसऱ्या दिवशी पुण्यात आलो. आमच्या सोसायटीत पार्किंगमधून लिफ्टकडे जायला तीन पायऱ्या आहेत, नेहमीप्रमाणे वॉचमनने आणि दादाने खुर्ची उचलली. टेप पर्समध्येच होता म्हणून मोजलं, एकोणीस इंच. म्हणजे एकोणीस फुटांचा रॅम्प, आणि तेवढ्या जागेत सेक्रेटरींची गाडी लागते.