न्यूयॉर्क सबवेचे जुने रंगीत दिवे बघायला जाताय? कोर्ट स्ट्रीटला उतरू नका

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: आर ट्रेनने जात असाल तर कोर्ट स्ट्रीट स्टेशनवर उतरू नका. हे दिवे असलेले जुने डबे ट्रान्झिट म्युझियममध्ये, म्हणजे सबवेच्या म्युझियममध्ये, ठेवलेत. मला भाच्याने सांगितलं होतं की ते म्युझियम ब्रुकलिनला कोर्ट स्ट्रीट स्टेशनात आहे, आणि ते खरंच आहे, फक्त ते कोर्ट स्ट्रीट वेगळं. जुनं कोर्ट स्ट्रीट १९३६ ला सुरू झालं आणि १९४६ ला बंद पडलं, त्याच्यात १९७६ पासून म्युझियम आहे. आर ट्रेन थांबते ते चालू स्टेशन आहे, त्याचा म्युझियमशी काही संबंध नाही. मी जर्सी सिटीहून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून आर पकडून कोर्ट स्ट्रीट, उतरलो आणि खाली त्या खोल स्टेशनात वीस मिनिटं म्युझियमचा दरवाजा शोधत फिरलो. मग लिफ्टने वर, वर डिसेंबरचं वारं, हातमोजे भाच्याकडे राहिलेले. त्याच ट्रेनमध्ये अजून एक स्टेशन बसून जे स्ट्रीट मेट्रोटेकला उतरायचं, तिथून थोडं चालून बोरम प्लेस आणि शर्मरहॉर्नचा कोपरा. तिथे बिल्डिंग शोधू नका. सबवेत उतरायचा साधा जिना असतो तसाच जिना आहे, तेच म्युझियम. मी एकदा त्याच्या समोरून पुढे निघून गेलो.

आता मी कशासाठी गेलो होतो ते. डोंबिवलीत वाढलोय, समोरून येणाऱ्या लोकलच्या कपाळावरचा के बघून कल्याण ओळखायचं आणि धावायचं ही लहानपणापासूनची सवय. न्यूयॉर्कला हेच काम एकेकाळी रंगीत दिव्यांवर चालायचं हे वाचल्यापासून ते डोक्यातून जात नव्हतं. पहिल्या डब्याच्या वर दोन कोपऱ्यांत दोन दिवे, प्रत्येकाचा रंग बदलता यायचा, लाल हिरवा पिवळा पांढरा, आणि डाव्या-उजव्या रंगांची जोडी बघून गाडी कुठली ते कळायचं. हे मुळात प्रवाशांसाठी नव्हतं. आपल्याकडे रेल्वेची केबिन असते तसा तिकडे टॉवर, तिथल्या माणसाला बोगद्यातून येणारी गाडी कुठल्या रूटची ते लांबूनच समजायला हवं, म्हणजे तो वेळेत सांधा बदलणार. अंधारात पाटीवरची अक्षरं लांबून वाचता येत नाहीत, रंग दिसतो. रोज जाणारे प्रवासी मग आपोआप शिकले. आणि तेव्हा न्यूयॉर्कची सबवे म्हणजे आयआरटी, बीएमटी, आयएनडी अशा तीन वेगवेगळ्या सिस्टिम होत्या, तिन्हींचे कोड आपापले, त्यामुळे एकीकडची रंगांची जोडी दुसरीकडे तशीच वाचता येत नव्हती. १९४० ला सगळं शहराच्या ताब्यात एकत्र आलं.

म्युझियममध्ये काय चुकतं ते नीट सांगतो, कारण हे मला कुठेच लिहिलेलं सापडलं नाही. खाली खरा प्लॅटफॉर्म आहे, दोन्ही बाजूंना खऱ्या रुळांवर जुने डबे उभे आहेत, आत जाऊन बसता येतं, जुन्या जाहिराती सुद्धा आहेत. पण डबे एकामागे एक लावलेत. दिवे असतात डब्याच्या तोंडावर, आणि तोंड दिसतं फक्त टोकाच्या डब्यांचं. मधल्या डब्यांचे दिवे बघायला दोन डब्यांच्या फटीतून मान तिरकी करून वर बघावं लागतं आणि तिथे अंधार. मी दोन तास हेच केलं, रात्री मान हलत नव्हती. आधी सरळ प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांना जा, तिथे निवांत बघा, मधले डबे आतून बघा. छोटा टॉर्च ठेवा. मोबाईलने फोटो काढताना ब्राइटनेस खाली ओढा, नाहीतर हिरवा दिवा पांढरा येतो आणि सगळी मेहनत वाया, माझे पहिले चाळीसेक फोटो असेच गेले. तिकीट १० डॉलर, आणि आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, सोमवारी जाऊन परत येऊ नका.

पैसे घालवू नका ती गोष्ट म्हणजे बाहेरच्या खाजगी टूर. एकाने माझ्याकडून ५५ डॉलर घेतले, जुने सिग्नल जुने दिवे सगळं दाखवतो म्हणून, आणि दाखवलं काय तर ६ नंबरच्या ट्रेनमध्ये ब्रुकलिन ब्रिजनंतर न उतरता बसून राहायचं, गाडी वळण घेऊन परत फिरते तेव्हा खिडकीतून १९४५ ला बंद झालेलं जुनं सिटी हॉल स्टेशन दिसतं. स्टेशन सुंदर आहे, कमानी बघण्यासारख्या आहेत, पण हे तुमचं तुम्ही नेहमीच्या तिकिटात करू शकता. दिवा एकही नाही. मला अजून राग येतोय.

त्यापेक्षा फुकट बघण्यासारखी गोष्ट सांगतो. काही स्टेशनांवर प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला, मोटरमनच्या खिडकीजवळ येईल असा एक बटणांचा डबा असतो. मोटरमन बटण दाबून टॉवरला कळवतो की मला ह्या रूटने जायचंय. दिव्यांचं काम आता हा डबा करतो. पाट्या मोठ्या झाल्या, बटणं आली, दिव्यांची गरज संपली आणि नव्या डब्यांवरून ते गेलेच. लिबर्टी, सेंट्रल पार्क वगैरे पण केलं, छान होतं, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आणि आता खरी गोष्ट. डिसेंबरात जात असाल तर शनिवारची जुनी गाडी सोडू नका. १९३० च्या दशकातले डबे त्या दिवशी चालू लाइनवर धावतात, नेहमीचंच भाडं, मी गेलो तेव्हा २.९० डॉलर. दरवर्षी रूट आणि वेळा जाहीर होतात, त्या बघूनच निघा. वेताच्या सीट, छताला पंखे, पिवळे बल्ब, खिडक्या उघड्या आणि आवाज एवढा की शेजारच्याशी बोलता येत नाही. जुन्या काळचे कपडे घालून लोक येतात, काही जण नाचत होते. गाडी सुटते त्या सेकंड अॅव्हेन्यू स्टेशनला गर्दी फार आणि गाडी आधीच उभी, तिथे तोंडाजवळ पोचणं मुश्कील. मी पहिली फेरी तिथून बसूनच केली आणि दिवे धड दिसलेच नाहीत.

म्हणून ३४ स्ट्रीटला उतरलो, गेटच्या बाहेर पडलो नाही म्हणजे परत भाडं नाही, आणि गाडी ज्या बाजूने आत शिरते त्या टोकाला जाऊन पुढच्या फेरीची वाट बघत उभा राहिलो. दोन तास. पाय दुखले, मध्ये कितीतरी नव्या गाड्या आल्या गेल्या. मग बोगद्यात लांबवर, वर, गाडीचा आकार दिसायच्या आधी एक हिरवा ठिपका दिसला.