‘नाही’ची वही

दोन वर्षांपूर्वीचा जून. पाऊस नुकताच लागला होता आणि मी गल्ल्यावर शाळेच्या पुस्तकांची बिलं करत होते. जूनमध्ये पुण्यात पुस्तकांच्या अप्पा बळवंत चौकात आणि आसपासच्या बोळांत पाय ठेवायला जागा नसते. आमचं दुकान तशाच एका बोळात आहे. एक काका दारात छत्री मिटून उभे राहिले. पांढरा झब्बा, वय पासष्टीच्या आसपास.

“मराठी इंद्रजाल आहेत का हो?”

“नाही,” आमच्या मामांनी वर न बघताच सांगितलं.

“जुने चालतील. वेताळचे.” वेताळ म्हणजे इंद्रजाल या जुन्या कॉमिक्स मालिकेतला मुखवटेवाला नायक, फँटम.

“ते बंद होऊन जमाना झाला.”

काका जरा घुटमळले. “एक होता, पूर आलाय आणि पांढरा घोडा पाण्यातून चाललाय, असं चित्र होतं वर. भावाने अर्धाच वाचू दिला होता,” असं काहीसं म्हणाले आणि छत्री उघडून गेले.

हातातलं बिल संपवता संपवता मला आठवलं की माळ्यावर एक गठ्ठा आहे. सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायला काढला तेव्हा तिथल्या रद्दीतून बाबांनी तो उचलला होता. मी गल्ला तसाच टाकून चौकापर्यंत पळत गेले. पावसात सगळ्या छत्र्या सारख्याच दिसतात. काका सापडले नाहीत. संध्याकाळी माळ्यावर चढून गठ्ठा सोडला. अकरा अंक निघाले, सगळे मराठी. वरून चौथ्या अंकावर पूर होता आणि पाण्यात पांढरा घोडा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे माल होता, मागणारा माणूस दारात आला होता, आणि आम्ही त्याला पावसात परत पाठवलं होतं.

दुकान बाबांचं. निम्मं शालेय पुस्तकांचं आणि निम्मं कॉमिक्सचं. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. त्याची शेवटची काही वर्षं बाबांनी ते नवंकोरं विकलंय. १९६७ साली सुरू झालेली अमर चित्र कथा आणि १९८० सालचं टिंकल तर आजही आमच्या दर्शनी फळीवर असतात. बाबांना चित्रकारांचं फार अप्रूप. टिंकलमधला शिकारी शंभू काढणारे वसंत हळबे, अमर चित्र कथेचा कृष्ण काढणारे राम वाईरकर, राज कॉमिक्सच्या नागराजला रूप देणारे आपल्या पुण्याचे प्रताप मुळीक, ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी दुकान माझ्यावर सोपवलं. तोवर गिऱ्हाईक बदललं होतं. कॉलेजची पोरं मँगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, मागत येऊ लागली होती आणि आम्ही अजून ‘हवं असेल ते सांगा, हात लावू नका’ याच चालीवर होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानातलीच एक शंभरपानी वही घेतली. नियम एकच. आपल्या तोंडून ‘नाही’ गेलं की ते वहीत लिहायचं: काय मागितलं, कोणी मागितलं, फोन नंबर काय. पहिली नोंद त्या काकांची केली. नंबराची जागा मोकळी राहिली.

मामांना हे अजिबात पटलं नाही. मामा म्हणजे बाबांच्या वेळेपासून, तीस वर्षं दुकानात असलेला माणूस. गिऱ्हाइकंही त्यांना मामाच म्हणतात. त्यांना वाटलं, मी त्यांच्या चुका टिपायला वही ठेवली आहे. दोन दिवस त्यांनी माझ्याशी धड बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, “ताई, नाही म्हणायला मला हौस नाही. पण ‘बघतो’ म्हणून मी बघू कुठे? माळ्यावर काय आहे ते तुमच्या बाबांना ठाऊक, मागच्या कपाटातलं तुम्हाला ठाऊक. मला ठाऊक असलेल्या तीन फळ्या. त्यात नसलं की नाही.”

मामांचं हे बोलणं माझ्या फार कामी आलं. तोवर मी मनात त्यांच्याच स्वभावाला दोष देत होते. वर बघत नाहीत, तुसडेपणाने बोलतात वगैरे. पण ज्याला दुकानात काय आहे हे कोणी सांगितलेलंच नाही, तो गोड बोलून तरी काय देणार?

मग रोज शटर ओढल्यावर तास-दीड तास आम्ही दोघं माल मोजायला लागलो. सगळं संपायला नऊ रात्री लागल्या. जाडजूड रजिस्टर केलं, मालिकेचं नाव आणि पुढे आकड्यांची रांग, असलेल्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल. विकलं की गोल खोडायचा. मोजताना एका मँगा मालिकेचे आमच्याकडे पहिला, दुसरा, पाचवा आणि आठवा एवढेच भाग निघाले. ते दीड वर्ष का पडून होते ते तेव्हा कळलं. तिसरा नाही म्हटल्यावर पाचवा घेणार कोण? पुरवठादार हाताला लागेल ते पाठवायचा आणि आम्ही मुकाट्याने फळीवर लावायचो. कादंबरीचा वाचक एक पुस्तक घेऊन सुखाने घरी जातो. कॉमिक्सचा वाचक गोष्टीच्या मध्यावर उभा असतो, आणि आपण त्याला तिथेच ठेवलं तर तो दुसऱ्या दुकानात जातो नाहीतर वाचणं सोडतो. तेव्हापासून मी पहिले तीन भाग दोन-दोन प्रतींत मागवते आणि पुढचे भाग वाचणाऱ्यांच्या हिशेबाने. मालिका कमी ठेवते, पण सलग ठेवते.

याच सुमारास न्यू जर्सीहून आतेबहिणीचा फोन आला. तिच्या मुलाला कॉमिक्सचं वेड. ती सहज म्हणाली की तिथल्या दुकानात त्याच्या नावाचा एक खण आहे, बुधवारी नवे अंक आले की त्याचे अंक दुकानदार आधीच काढून त्यात ठेवतो. मी तिला तासभर प्रश्न विचारले, मग स्वतःही वाचलं. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून कॉमिक्सची दुकानं जास्त सवलतीत माल घेतात, पण बहुतेक माल न खपला तरी परत करता येत नाही. त्यामुळे कोणाला काय हवं हे आधी माहीत असणं ही दुकानदाराचीच गरज असते. त्या गरजेतून गिऱ्हाइकाची सोय झाली. मला ते फार आवडलं.

आमच्याकडे मागच्या भिंतीला लाकडी कप्पे होते, चोवीस. पूर्वी त्यांत इयत्तेप्रमाणे पुस्तकांचे संच बांधून ठेवत. ते पुसून घेतले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावली. पहिला कप्पा एका बी.कॉम.च्या मुलाचा. तिसऱ्या महिन्यात कप्पे पुरेनासे झाले, आणि मग पंचाईत झाली. लोक सांगून ठेवत आणि येत नसत. माल अडकला, पैसे अडकले. मी पंधरा दिवसांचा नियम केला: नाही आलात तर पुस्तक फळीवर जाईल. एका मुलाची दोन पुस्तकं अशी विकली गेली. तो महिन्याभराने आला. घरी आजारपण होतं, फोन करायचं सुचलं नव्हतं. रागावला नाही, नुसतं रिकाम्या कप्प्याकडे बघून “ठीक आहे” म्हणाला. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो. आता पंधरा दिवस झाले की आम्ही फोन करतो आणि विचारतो, ठेवू का? बहुतेक जण खरं ते सांगतात. “पगार झाल्यावर येतो” म्हणणारा पगार झाल्यावर येतोच.

एका शनिवारी एक गृहस्थ तावातावाने आले. मुलीच्या वाढदिवसाला मँगा नेलं होतं. काउंटरवर ठेवून म्हणाले, “पुस्तक उलटं छापलंय, सुरुवातच शेवटाला आहे.” आमचा नवा पोरगा फसकन हसला. शेजारी उभी असलेली दोन कॉलेजची मुलंही हसली. त्या गृहस्थांचे कान लाल झाले. चूक त्यांची नव्हतीच. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात हे चाळिशीतल्या माणसाने कुठे शिकलेलं असणार? मी त्यांना आत खुर्ची दिली आणि पान उघडून बोटाने चौकट चौकट दाखवली. आधी उजवीकडची वरची, मग तिच्या डावीकडची, मग खालच्या रांगेत पुन्हा उजवीकडून. दोन पानं झाल्यावर त्यांनी पुढची चार स्वतः वाचली. पुस्तक घेऊन गेले, पण मला माहीत आहे, त्या हसण्यामुळे ते पुन्हा येणार नव्हते, आणि आले नाहीत. आता पहिल्यांदा मँगा नेणाऱ्या प्रत्येकाला बिल करण्याआधी आम्ही ते उघडून दाखवतो. पोरग्याला मी एवढंच सांगितलं: इथे कोणाला काही माहीत नसलं तर ते सांगायला आपण आहोत.

मुलींच्या बाबतीतही असंच. एक मुलगी ॲक्शनच्या फळीपाशी उभी होती, तर त्याच पोरग्याने तिला न विचारता दुसरीकडे वळवलं, “मुलींचं तिकडे आहे.” ती गप्प बसून निघून गेली. हे दुखणं जुनं आहे आणि सगळीकडचं आहे. अमेरिकेत बायकांना कॉमिक्सच्या जगात जागा मिळावी म्हणून १९९४ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ लुलू’ नावाची संस्थाच निघाली होती, आणि तिने दुकानदारांसाठी पुस्तिकाही काढली होती. मी स्वतः बाई असून माझ्या दुकानात हे घडावं याची मला लाज वाटली. आता आमच्याकडे मुलांचं आणि मुलींचं असं काही नाही. विचारायचं ते एवढंच: याआधी काय वाचलंत, त्यातलं काय आवडलं?

प्लॅस्टिकचं वेष्टण हा आणखी एक वादाचा विषय. बाबा म्हणायचे, फोडलं की जुनं झालं. पण चित्र न बघता चित्रकथा कशी घेणार? प्रत्येक मालिकेची एक नमुना प्रत आम्ही फोडून ठेवली आणि एक बाक टाकला. पुस्तकं मळतात, कोपरे मुडपतात, ती वर्षअखेर निम्म्या किमतीत जातात. शिवाय फुटपाथवर मिळणाऱ्या नकली प्रतींचा प्रश्न बाकावरच सुटला. “तिकडे निम्म्यात मिळतं” म्हटलं की मी पूर्वी चिडायचे. आता एक नकली प्रत शेजारी उघडी ठेवते. खऱ्या पानावर सावलीचे बारीक ठिपके मोजता येतात, नकलीत त्यांचा काळा चिखल झालेला असतो, आतल्या समासात शब्द गिळलेले असतात. बघणारा बघतो आणि आपलं ठरवतो. ज्याला परवडत नाही त्याला मी बाकावर बसून वाचू देते.

जुन्या अंकांनी मात्र मला सगळ्यात जास्त शिकवलं. नागपूरच्या एका ग्राहकाला ‘चांगल्या स्थितीत’ म्हणून एक अंक कुरिअरने पाठवला. त्यातलं मधलं पान गायब. मी पाठवण्याआधी उघडलाच नव्हता. पैसे परत केले, कुरिअरचा खर्चही दिला. पण तो माणूस म्हणाला, “पैशांचं जाऊ द्या, मला वाटलं होतं आता गोष्ट पूर्ण होईल.” तेव्हापासून जुना अंक विकण्याआधी पानं एकेक करून मोजते. पावसाळ्यात पिना गंजतात आणि गंज कागदात उतरतो. हात ओले असतील तर पान पिनेपाशीच सुटतं. सेलोटेप लावलेली असेल तर ती ओढायची नाही, कागद सोबत येतो. जे दिसेल ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं: पिना गंजलेल्या, मुखपृष्ठाचा कोपरा कुरतडलेला, आत शाईने नाव. चिठ्ठी आधी वाचून दाखवायची, किंमत नंतर सांगायची. मामांचं अक्षर सुरेख आहे, त्यामुळे चिठ्ठ्या तेच लिहितात. परवा एका चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं, ‘शेवटच्या पानावर लहान मुलाने वेताळला मिशा काढल्या आहेत.’ घेणाऱ्याने तेवढ्यासाठीच तो अंक घेतला.

दुपारी एक ते चार बंद ठेवायची पद्धतही मोडली. सकाळच्या शाळा साडेबाराला सुटतात, ती मुलं आमच्या बंद शटरवरूनच तर जात होती.

वही आता तिसरी चालू आहे. ‘नाही’ अजूनही लागतं. मराठीत काय आहे विचारत आज्या येतात, चांदोबा मागतात, आणि मला अमर चित्र कथेचे मराठीत मिळतील तेवढे अंक पुढे करून बाकीच्याला नाहीच म्हणावं लागतं. पण नाही म्हणून झालं की मामा आपणहून पेन उचलतात आणि म्हणतात, “नंबर सांगून ठेवा.”

त्या अकरांपैकी दहा अंक विकले गेले. पुराचा अंक शेवटच्या कप्प्यात पिशवीत घालून ठेवला आहे. मुंबईच्या एका संग्राहकाने त्याला चांगली किंमत देऊ केली होती. मी म्हटलं, राखून ठेवलाय. “कोणासाठी?” त्यांनी विचारलं. मी त्यांना कप्प्यावरची चिठ्ठी दाखवली. तिच्यावर मामांच्या अक्षरात आहे: ‘काका. पांढरा झब्बा, काळी छत्री, जून. भावाने अर्धाच वाचू दिला.’