लक्षणे दुपारची, नमुना मात्र सकाळचा

जेवणानंतर छाती धडधडणे, घाम फुटणे, हात थरथरणे आणि चेहरा लालबुंद होणे, या तक्रारींसाठी सर्वप्रथम साखर कमी होत असल्याचा संशय घेतला गेला. उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली तपासणी विनासायास पार पडली व सारे आकडे योग्य निघाले.

पुढच्या डॉक्टरांनी केलेला खुलासा मला पटला. रक्तातील ग्लुकोज घसरले की शरीर ॲड्रेनॅलिन सोडते; धडधड आणि थरथर ही त्याचीच लक्षणे. ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशींतून हिस्टामिन हे रसायन एकदम बाहेर पडले, तरी रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरतो आणि तो सावरण्यासाठी पुन्हा ॲड्रेनॅलिनच धावून येते. ते यकृतातील ग्लायकोजेनचे ग्लुकोज करत असल्याने अशा झटक्यात साखर कमी न होता थोडी वाढलेलीही आढळू शकते. म्हणून झटका चालू असतानाच बोटाला टोचून साखर मोजावी. ७०च्या खाली नसेल, तर गोड खाऊन काही साधत नाही.

खरा अडथळा आला तो प्रयोगशाळेच्या खिडकीवर. रक्तातील हिस्टामिन तासाभरात पूर्ववत होत असल्याने त्याऐवजी ट्रिप्टेज, म्हणजे याच पेशींतून बाहेर पडणारे एक विकर, मोजतात आणि त्याचा नमुना लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण १ ते ४ तासांत घ्यावा लागतो. मी दुपारी लाल चेहऱ्याने पोहोचलो, की ‘उद्या सकाळी उपाशीपोटी या’ हे ठरलेले उत्तर मिळे. या तपासणीला उपाशी राहण्याची गरज नाही, हे मी सांगितले. परंतु अर्जात लक्षणांच्या वेळेसाठी रकानाच नव्हता, आणि जे रकान्यात नाही ते खिडकीपलीकडच्या माणसाच्या लेखी घडलेलेच नसते. अखेर डॉक्टरांकडून ‘उपाशीपोटीची अट नाही, रुग्ण येताच नमुना घ्यावा’ असे चिठ्ठीवर लिहून, शिक्का मारून आणले, तेव्हा कोणतीही हुज्जत न होता रक्त घेतले गेले. अशी चिठ्ठी आधीच खिशात ठेवावी.

दुसरा नमुना लक्षणे शमल्यावर किमान २४ तासांनी द्यावा लागतो. या मूळ पातळीच्या १.२ पटीत २ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) मिळवून येणाऱ्या आकड्याइतके किंवा त्याहून अधिक ट्रिप्टेज झटक्यात आढळले, तर ती वाढ अर्थपूर्ण मानतात; माझे त्याहून अधिक होते, आणि त्याच वेळी साखर १३२ होती. तो कागद हाती आल्यावर मला आजाराच्या चिंतेपेक्षा खिडकीवर जिंकल्याचा आनंद अधिक झाला. आणखी एक सांगायचे राहिले: ॲलर्जीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांनीही साखर चढते, म्हणून ते चिठ्ठीवर अवश्य नोंदवून घ्यावे.